शेजारची खोली कुणाची? हॉस्टेलात ‘आपली माणसं’ कशी ठरतात

कॉलेज सोडून दहा-पंधरा वर्षं झालेल्या कुणालाही विचारा, लग्नाला मित्र कोण कोण आले होते. एकाच बाकावर तीन वर्षं बसलेल्यांची नावं आठवायला त्याला वेळ लागेल. हॉस्टेलच्या मजल्यावरची पोरं मात्र टोपणनावांसकट तोंडावर असतात. यात नवल काही नाही. वर्गात आपण एकमेकांना केस विंचरून भेटतो. हॉस्टेलात तापानं फणफणलेले, महिनाअखेरीला खिशात दहा रुपये उरलेले, घरचा फोन ठेवल्यावर गप्प झालेले असे भेटतो.

‘स्वभाव जुळले’ असं आपण नंतर म्हणतो. पण स्वभाव जुळायला आधी गाठ पडावी लागते, आणि गाठ कुणाशी, कितीदा आणि कशा कामाने पडणार हे बरंचसं इमारत आणि तिचे नियम ठरवतात. जिना कुठे आहे, नळ किती आहेत, खोलीवाटप कुणी केलं, जेवण एका वेळी असतं की येईल तसं, असल्या बारीक गोष्टी. बेळगावसारख्या ठिकाणी तर हे मुद्दाम समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे एका मजल्यावर येणारी पोरं फार वेगवेगळ्या घरांतून आलेली असतात.

नेहरूनगरात केएलईचं मेडिकल कॉलेज 1963 पासून आहे, उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट 1979 पासून, मच्छेला व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ 1998 पासून, भुतरामहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 पासून. टिळकवाडीत आरपीडी आणि जीएसएस आहेत. खानापूर, निपाणी, चंदगड, अथणी, रायबाग, खाली गोव्यापर्यंतची मुलं या कॉलेजांच्या ओढीने शहरात येतात. कुणी कॉलेजच्या हॉस्टेलात राहतं, कुणी समाजाच्या बोर्डिंगात, कुणी सरकारी बीसीएम (मागासवर्गीय व अल्पसंख्याकांच्या) हॉस्टेलात. कुणी हिंदवाडी-भाग्यनगरात चौघांत मिळून रूम करतं आणि डबा लावतं. उरलेले रोज एसटीने नाहीतर वायव्य कर्नाटकच्या बसने ये-जा करतात.

आता ‘आपलेपणा’ हा शब्द जरा उकलून घेऊ. मानसशास्त्रात डेव्हिड मॅकमिलन आणि डेव्हिड चॅव्हिस यांनी 1986 साली त्याचे चार भाग पाडले. मी इथला आहे असं वाटणं. इथे माझ्या शब्दाला काही किंमत आहे असं वाटणं. माझी अडचण इथे भागते आणि मीही कुणाची तरी भागवतो. आणि सगळ्यांनी मिळून काढलेले बरे-वाईट दिवस. यातला पहिला आणि चौथा भाग हॉस्टेलात आपोआप जमतो, पोरं एकत्र राहिली की झालं. तिसराही गरजेपोटी जमतो. दुसरा मात्र कुणीतरी मुद्दाम जमवावा लागतो, आणि आपल्याकडे घोडं नेमकं तिथेच अडतं. त्याकडे पुढे येतो.

आधी जिना. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटीत शिकायला आलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभारली होती. कुणाला कुठलं घर मिळेल हे नशिबावर होतं, आधीची ओळखदेख जवळपास नव्हती. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कुणाची मैत्री कुणाशी झाली याचा हिशेब मांडला आणि 1950 साली छापला. एकाच मजल्यावर अगदी लागून असलेल्या घरांत मैत्री होण्याचं प्रमाण 41 टक्के निघालं, एक दार सोडून 22 टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांच्या घरांत 10 टक्के. ही दोन टोकं म्हणजे काही कोस नव्हे, चालत अर्धं मिनिट. त्याहून मजेची गोष्ट जिन्याची. तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावर जास्त मित्र झाले. ते काही जास्त मनमिळाऊ नव्हते. वरची माणसं त्यांच्या दारावरून जात होती, एवढंच. उलट ज्यांची दारं मधल्या सामायिक अंगणाऐवजी रस्त्याकडे उघडत होती, ते बिचारे त्याच वसाहतीत राहून एकटे पडले.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वसाहतीत रहिवाशांची संघटना काढायची का, यावर मतं पडली ती अंगणाअंगणांप्रमाणे. एका अंगणातल्या बहुतेकांचं मत एका बाजूला, शेजारच्या अंगणातल्यांचं दुसऱ्या बाजूला. म्हणजे शेजाराने मैत्री ठरवली तशी मतंही ठरवली. सीमाभागात राहणाऱ्याला यावर फार सांगायला नको. 1 नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस आला की एकाच हॉस्टेलात कन्नड मुलांच्या गॅलरीत राज्योत्सव असतो आणि मराठी मुलांच्या गॅलरीत निषेधाचा काळा दिवस. घरून आणलेलं मत त्या त्या गॅलरीत आणखी घट्ट होतं, कारण तिथे ते खोडणारं कुणी नसतं.

शेजाराचं फार कौतुकही नको. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत एबेसेन आणि सहकाऱ्यांनी उलटा प्रश्न विचारला: तुम्हाला न आवडणारं माणूस कुठे राहतं? ते मित्रांपेक्षाही जवळ राहत होतं. रात्री अकराला मोठ्याने गाणी लावणारा, दुसऱ्याचा साबण वापरणारा, मोरीत केस सोडणारा हा शेजारीच असतो. दूरच्या माणसाशी वैर करायला मुद्दाम कारण काढावं लागतं.

मग किती जवळ बरं? याचं उत्तर न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या दोन प्रकारच्या हॉस्टेलांत मिळतं. एका प्रकारात लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, 34 मुलं, बाथरूम आणि बसायची खोली सगळ्यांत मिळून. दुसऱ्या प्रकारात चार ते सहा मुलांचा एक गट, त्यांचं बाथरूम आणि बैठक त्यांच्यापुरती. दर मुलामागे जागा जवळपास सारखीच. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांना सत्तरच्या दशकात आढळलं की बोळातल्या मुलांना गर्दी जास्त वाटते. बाहेर कुठे अनोळखी माणसाशेजारी बसायची वेळ आली तर ती लांब बसतात, नजर टाळतात. सतत, आणि नको तेव्हा, कुणी ना कुणी समोर येत राहिलं की माणूस मिटतो. चौघा-सहांच्या गटात कोण येणार-जाणार हे ठाऊक असतं, म्हणून तिथे दार उघडं राहतं.

आपल्याकडची बहुतेक हॉस्टेलं बोळाचीच आहेत, कारण ती बांधायला स्वस्त पडतात. सकाळी सहाला त्या बोळाच्या टोकाला जाऊन बघा. बाथरूमसमोर बादल्यांची रांग असते. माणूस खोलीत झोपलेला, बादली नंबरात. निळी बादली कुणाची, कान तुटलेली कुणाची, हे सगळ्यांना पाठ. ती कुणी पुढे सरकवली तर भांडण, आणि ‘तुझी परीक्षा आहे, जा की तू आधी’ म्हटलं तर सबंध वर्षाची दोस्ती. पावसाळ्यात गॅलरीत दोऱ्या बांधलेल्या असतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, नुसते कुबट होतात. दोरीवरच्या जागेवरून जेवढा संवाद होतो तेवढा वर्षभराच्या स्नेहसंमेलनांत होत नसेल. बॉम-व्हॅलिन्स यांचा मुद्दा खोटा नाही, पण 34 जणांच्या बोळात आमची पोरं स्वतःच चार-पाचांचा गट पाडून घेतात: दोन समोरासमोरच्या खोल्या, एक बादली उसनी, एक चार्जर सामायिक. प्रश्न एवढाच की हा गट कुणाकुणाचा पडतो.

इथे खोलीवाटपाचा विषय येतो. प्रवेशाच्या दिवशी बाप वॉर्डनला हळूच सांगतो, ‘सर, आमच्या गावच्या पोराबरोबर द्या.’ वॉर्डनलाही ते सोयीचं असतं. मराठी मुलं एका खोलीत, कन्नड मुलं दुसऱ्या खोलीत, गोव्याची तिसऱ्या. कुणाचा वाईट हेतू नसतो. पण वेस्टगेटचा हिशेब इथे लावा: पहिल्या दिवशीच्या त्या वाटपाने तीन वर्षांची मैत्री जवळजवळ ठरून जाते.

चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटल्या तर काय होतं, हेही तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाचे रूममेट नशिबावर दिले जात. ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञाने 2001 साली दाखवलं की रूममेटचा परिणाम मार्कांवर होतो, कुठल्या टोळक्यात सामील व्हायचं यावर होतो. मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर मात्र होत नाही. आणखी एका मोठ्या सरकारी विद्यापीठात असं दिसलं की ज्या गोऱ्या मुलांना नशिबाने कृष्णवर्णीय रूममेट मिळाले, त्यांचं मत पुढे आरक्षणासारख्या धोरणांना जास्त अनुकूल झालं. तो अभ्यास 2006 चा.

म्हणून ‘सगळ्यांना मिसळून टाका’ असं झटकन म्हणावंसं वाटतं. पण आपल्या भागाचा इतिहास सांगतो की प्रकरण एवढं सोपं नाही, आणि हा इतिहास अमेरिकेच्या अभ्यासांहून जुना आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1896 साली राजाराम कॉलेजसाठी सगळ्या जातींच्या मुलांना खुलं वसतिगृह काढलं. कागदावर सर्वांसाठी. चालवणारी मंडळी ब्राह्मण होती आणि थोड्याच दिवसांत राहणारी मुलंही बहुतेक ब्राह्मणच झाली. दार उघडं होतं, तरी खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला तिथे आत यावंसं वाटेना. मग महाराजांनी दुसरी वाट धरली. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, नंतर मुस्लिम, लिंगायत, आणि 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जाती मोडू बघणारा राजा जातवार बोर्डिंगं काढतो, हे वरवर विचित्र वाटतं. पण खेड्यातून पहिल्यांदा शहरात आलेल्या पोराला आधी कुठेतरी आपली भाकरी, आपली बोली, आपल्या गावाकडचं कुणी लागतं. ते नसेल तर तो पंधरा दिवसांत गाठोडं बांधून परत जातो. आजच्या बेळगाव जिल्ह्यातलं रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं, तेव्हा हा काही परका इतिहास नव्हे. बेळगावात आजही समाजासमाजांची जी बोर्डिंगं आहेत, तीही त्याच कारणाने टिकली आहेत.

या व्यवस्थेचं दुसरं टोक भाऊराव पाटलांनी पाहिलं. ते जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परतल्यावर विटाळाची आंघोळ करायला तयार झाले नाहीत, म्हणून बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. ज्या जागेने आपलेपणा दिला तिनेच त्याची हद्दही दाखवली. पुढे रयत शिक्षण संस्था काढल्यावर त्यांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकच बोर्डिंग सुरू केलं. 1927 साली गांधीजी तिथे आले, आणि त्याला छत्रपती शाहूंचंच नाव मिळालं.

राजाराम कॉलेजचं खुलं वसतिगृह फसलं आणि साताऱ्याचं चाललं. फरक मला एका गोष्टीत दिसतो. साताऱ्यात मुलं नुसती एकत्र झोपत नव्हती. पाणी भरणं, स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम पाळीपाळीने मुलांकडेच होतं. कुणाच्या हातची भाकरी कोण खाणार हा प्रश्न भाषणाने सुटला नसता. भाकरी भाजायची पाळी आली आणि भूक लागली तेव्हा सुटला. पुढे 1954 साली अमेरिकेतल्या गॉर्डन ऑलपोर्ट यांनी वेगवेगळ्या गटांतला दुरावा कशाने कमी होतो याच्या अटी मांडल्या: दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी, आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. साताऱ्यात या चारही होत्या, अटी पुस्तकात येण्याच्या तीस वर्षं आधी.

म्हणून मिश्र खोल्या की आपापली बोर्डिंगं, या वादात मला फारसा दम वाटत नाही. एका खोलीत कन्नड आणि मराठी मुलगा ठेवला आणि दोघांना मिळून करायला काहीच नसलं, तर दोघंही कानात इअरफोन घालून तीन वर्षं काढतात. हे मी पाहिलेलं आहे. आणि बोर्डिंग एकाच समाजाचं असलं तरी मुलांना गणपतीत, क्रिकेटच्या टीमला, रक्तदानाला दुसऱ्या बोर्डिंगच्या पोरांची गरज पडत असेल, तर भिंती पातळ होतात.

याची परीक्षा घ्यायची तर रविवारची रात्र बघावी. बहुतेक हॉस्टेलांत त्या रात्री मेस बंद. सहा दिवस सगळे एका ओळीत ताट घेऊन उभे असतात, भात-सांबार की भाकरी-पिठलं यावर कुरकुरतात, तेव्हा सगळं एकजीव दिसतं. रविवारी पोरं बाहेर जेवायला निघाली की खरे गट दिसतात: कोण कुणाच्या गाडीवर मागे बसलं, कुणाला कुणीच हाक मारली नाही, कोण खोलीत बिस्किटाचा पुडा उघडून बसलं. वॉर्डनने अहवाल-बिहवाल न मागवता रविवारी आठ वाजता गेटवर उभं राहावं.

मुलींच्या हॉस्टेलात हेही बघायला मिळत नाही, कारण अंधार पडायच्या सुमाराला गेट लागतं. तिथला जिव्हाळा नियमाच्या आडून वाढतो. खोलीत इलेक्ट्रिक केटलला बंदी असते, म्हणून ती एका कपाटात कपड्यांखाली असते. मजल्यावरच्या सगळ्याजणींना ती कुठे आहे हे माहीत असतं आणि मॅडमना सांगायचं नाही हेही. रात्री त्या केटलमध्ये मॅगी होते. माणसं जवळ यायला हे गुपित पुरेसं आहे, पण त्यातून मुली एवढंच शिकतात की नियम चुकवायचे असतात. बदलता येतात, हे त्यांना कुणी दाखवत नाही. मॅकमिलन-चॅव्हिस यांचा तो दुसरा भाग, ‘माझ्या शब्दाला किंमत आहे’, तो इथे गळतो. मेसच्या कमिटीत दोन विद्यार्थिनी घेतल्या, भाजीचा बाजार पाळीने त्यांच्याकडे दिला, महिन्याचा हिशेब बोर्डावर लावला, तरी खूप फरक पडतो. जेवण सुधारेलच असं नाही, पण ते वाईट असेल तर का वाईट आहे हे कळतं, आणि आपण केलेल्या बाजाराला माणूस कमी शिव्या देतो.

नियमांचा आणखी एक परिणाम सहज नजरेआड होतो. यूजीसीच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमावलीप्रमाणे पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायचं असतं. ते योग्यच आहे, रॅगिंगने जीव गेलेले आहेत. पण त्यामुळे मोठ्यांकडून लहानांकडे जाणाऱ्या कामाच्या गोष्टीही तुटतात: कुठले सर परीक्षेत काय विचारतात, जुनी पुस्तकं कुणाकडे मिळतात, शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठल्या टेबलवर अडतो. पूर्वी हे जिन्यावर कळायचं. आता कॉलेजने त्याची वेगळी सोय करावी लागते, आणि करणारी थोडी.

राहता राहिली रोज ये-जा करणारी मुलं. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसने मोफत प्रवास आहे. खानापूर, बैलहोंगल, हुक्केरी भागातल्या कितीतरी मुलींचा हिशेब त्याने बदलला. खोलीभाडं नको, मेस नको, रोज घरून जाऊन शिकता येतं. घरच्यांचाही जीव भांड्यात. चंदगडच्या मुलीला मात्र हीच बस तिकीट काढून, कारण ती महाराष्ट्राची; तिला महाराष्ट्राच्या एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत मार्च 2023 पासून. एका वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलींची घरं, बस आणि तिकीट असं वेगवेगळं आहे.

बसचाही एक समाज असतो, त्याला कमी लेखू नये. रोजची सात वाजताची गाडी, ठरलेल्या सीटा, कंडक्टरशी ओळख, जागा धरायला खिडकीतून आत टाकलेला रुमाल. पण तो समाज गावाचाच असतो, बसमध्ये हललेला. चार वाजता गाडी गाठायची म्हणून ही मुलगी नाटकाच्या तालमीला थांबत नाही, लायब्ररीत बसत नाही, निवडणुकीला उभी राहत नाही. कॉलेजची सगळी गंमत चारनंतर सुरू होते. हे कळणारी कॉलेजं तालीम दुपारच्या सुट्टीत ठेवतात. न कळणारी म्हणतात, खेड्यातल्या मुली भाग घेत नाहीत.

आता मुलाला हॉस्टेलात घालायला येणाऱ्या आईबापांसाठी थोडं कामाचं. रंग, फरशी, गिझर हे सगळे बघतात. त्यापेक्षा जेवणाच्या वेळी या आणि पोरं कशी बसली आहेत ते बघा. खोलीवाटप कसं होतं ते विचारा, आणि ‘आमच्या गावच्याबरोबर द्या’ म्हणायच्या आधी पोराला बाजूला घेऊन त्यालाही विचारा. पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या, भाषेने बुजलेल्या पोराला पहिली सहामाही ओळखीचा रूममेट मिळाला तर वाईट नाही. दुसऱ्या वर्षी बदलू द्या. मेस कमिटीत मुलं आहेत का आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, हे वॉर्डनला नव्हे, मुलांना विचारा. कॉमन रूम दाखवा म्हणा. तिला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते तेही विचारा. वॉचमनकडे असली तर ठीक. ऑफिसात असली तर ऑफिस पाचला बंद होतं, आणि पोरं साडेपाचला येतात.